सतरा तारखेची फांदी

डिंकताईंचा राग मी पहिल्याच दिवशी ओढवून घेतला. त्यांच्या लांबलचक टेबलावर जाड पांढरे कागद ओळीनं मांडले होते, कागदांवर वजनं होती, आणि मला वाटलं ही रद्दी आहे. मी त्यातल्या एका कागदावर चहाचा कप ठेवला.

"उचला," त्या म्हणाल्या. मी उचलला. खाली गोल डाग उमटला होता. त्यांनी डागाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि "नवीन दिसताय," एवढंच बोलल्या. पुढं चार महिने मात्र त्यांनी त्या डागावरून मला यथेच्छ ऐकवलं. शंभर वर्षांनी कुणीतरी शहाणा ते शीट काढेल आणि या जातीच्या पानांभोवती असं वर्तुळ का असतं यावर निबंध लिहील, असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या.

आमच्या संग्रहात वाळवलेल्या झाडांची दोन लाखांवर शीटं आहेत. झाड म्हणजे झाडाची फांदी. जंगलात हिंडणारा माणूस ती तोडतो, जुन्या वर्तमानपत्रात दाबून वाळवतो आणि गठ्ठे बांधून पाठवतो. मग ती जाड कागदावर चिकटते आणि उजव्या कोपऱ्यात लेबल लागतं: कुणी तोडली, कुठं, कोणत्या तारखेला. त्यानंतर ती लोखंडी कपाटात जाते आणि डांबरगोळ्यांच्या वासात शे-दोनशे वर्षं पडून राहते. माझं काम त्या लेबलांचं. कोणतं झाड कुठं सापडलं ते वाचायचं आणि नकाशावर ठिपका द्यायचा. हजारो ठिपके पडले की एखाद्या जातीचं रान पूर्वी कुठवर होतं आणि आज कुठवर उरलंय ते दिसतं.

ऐकायला सोपं वाटतं. पण लेबलं लिहिणारी माणसं होती, आणि माणसांनी जो काही घोळ घालून ठेवलाय तो बघून माझा रोज तिळपापड व्हायचा. किनाऱ्यापासून चाळीस किलोमीटरवर भर समुद्रात माझं एक उंबर उभं होतं. एक चंदन विमानतळाच्या धावपट्टीवर. मी चिडून टेबलावर हात आपटला की पलीकडून डिंकताई विचारायच्या, "काय हो नकाशेवाले, आज कोण बुडालं?"

त्यांचं खरं नाव फक्त हजेरीपटात होतं. डिंक त्या स्वतः शिजवायच्या, बाजारातल्या बाटलीला हात लावायच्या नाहीत. "त्यात काय घालतात देव जाणे. दहा वर्षांत पिवळा पडतो." फांदी कागदावर ठेवण्याआधी त्या पाच-दहा मिनिटं नुसत्या बघत बसायच्या. मग एखादं पान मुद्दाम उलटं करायच्या, म्हणजे पाठही दिसावी. जाड काटकी असली तर सुईदोऱ्यानं टाके घालायच्या. गळून पडलेलं फूल, बी, पानाचा तुकडा, काही म्हणून फेकायचं नाही. त्याची कागदी पुडी करून शीटवरच चिकटवायची. एवढं करून त्यांनी आयुष्यात जंगल पाहिलेलं नव्हतं. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "मी कशाला जाऊ? सगळं जंगल गठ्ठे बांधून माझ्या दारात येतंय की."

जंगलात गेले ते त्यांचे यजमान. आमच्या संग्रहाचे ते संग्राहक होते, आणि माझ्या यादीत सहा हजारांच्या वर नमुने एकट्या त्यांचे आहेत. वर्षातले आठ महिने फिरती. ताई आधी इथं टंकलेखिका होत्या, चिकटवायचं काम लग्नानंतर जोडीला आलं. यजमानांच्या डायऱ्या वाचून लेबलं टाईप करता करता अक्षर ओळखीचं झालं, मग माणूस ओळखीचा झाला, मग लग्न. "अक्षर सुंदर होतं हो," त्या म्हणायच्या. "माणूसही बरा होता, पण अक्षर फारच सुंदर." आठ वर्षांपूर्वी ते गेले. ताई त्यांच्याबद्दल बोलायच्या त्या अजून दौऱ्यावर असलेल्या माणसाबद्दल बोलावं तशा, म्हणजे थोड्या तक्रारीच्या सुरात.

एका दुपारी त्या स्वतःहून माझ्या टेबलाशी आल्या. हे कधी घडत नसे. आम्हाला काही हवं असलं तर आम्हीच त्यांच्याकडे जायचो.

"तुमच्या त्या यंत्रात तारखेप्रमाणे बघता येतं का?"

"कशाच्या?"

"एका माणसाचे नमुने. अमुक तारखेला तो कुठं होता, असं."

"येतं की. एका मिनिटात."

त्यांनी खुर्ची ओढली आणि बसल्या. हाताला डिंक लागलेला होता, तो अंगठ्यानं चोळत राहिल्या. मग त्यांनी जे सांगितलं ते मी शक्य तितकं त्यांच्याच शब्दांत देतो.

"आम्हाला मुलगी झाली होती. चौतीस वर्षं झाली. अडीच महिन्यांची होती. हे तिच्याजवळ पाच दिवस होते, मग दौरा लागला, डोंगरावरचा. तिला ताप आला आणि दोन दिवसांत गेली. चौदा तारखेला. दिरांनी तार केली. तार पंधराला पोचल्याची पावती आली होती, ती मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. तिथून घरी यायला दोन दिवस लागायचे. म्हणजे सतराला यायला हवे होते. मी सतराला वाट पाहिली. अठराला पाहिली. हे सहा आठवड्यांनी आले, दौरा पुरा करून."

"काय म्हणाले?"

"काही नाही. मीही विचारलं नाही."

"कधीच नाही?"

"कधीच नाही. तार उशिरा मिळाली, असं मी मनाशी धरून बसले होते. पावती पोस्टाची होती. पोस्टातून तळावर पोचायला वेळ लागला असेल. विचारलं असतं आणि वेळेवर मिळाली म्हणाले असते, तर मी काय करायचं होतं? त्या घरात त्यांच्याबरोबर जेवायला कशी बसले असते?" त्यांनी अंगठ्यावरचा डिंक नखानं खरवडला. "आता ते नाहीत. आता विचारलं तर कुणाला त्रास नाही. मला एवढंच बघायचंय, सतराला हे कुठं होते. निघाले होते की नव्हते."

बाहेरच्या माणसाला वाटेल, एवढी वर्षं या बाई त्याच इमारतीत बसल्या होत्या, कपाट उघडून बघायचं होतं. तसं नसतं. कपाटात झाडं कुळांप्रमाणे लावलेली असतात. तारखेचा तिथं काही संबंध नाही. एका दिवशी तोडलेल्या वीस फांद्या तीन मजल्यांवर वीस ठिकाणी जाऊन बसतात. त्या माणसाचा एक दिवस पुन्हा गोळा करायचा तर दोन लाख शीटं उलटावी लागतील. मूळ डायऱ्या होत्या, पण तळघरात कुलपात, आणि त्यांना हात लावायची ताईंची हिंमत झाली नव्हती. हे त्यांनी नंतर कबूल केलं.

मी नाव टाकलं, वर्ष टाकलं, तारखेनं लावलं. चौदा तारखेला सव्वीस नमुने, डोंगरावरचा तळ. पंधराला अकरा नमुने. सोळाला काही नाही. सतराला एक. त्या एकाचं ठिकाणही तेच: डोंगरावरचा तळ. पुढं एकवीसपासून पुन्हा रोज वीस-पंचवीस, तिथंच.

"म्हणजे तिथंच होते," ताई म्हणाल्या.

"सतराला एकच दिसतोय पण. झाडाचं नाव नाही, अनोळखीत टाकलंय."

"एक काय आणि वीस काय. तिथंच होते ना?"

लेबल तसं म्हणत होतं. मी हो म्हणालो. त्या उठल्या आणि टेबलाशी जाऊन डिंक ढवळू लागल्या. त्यानंतरचे पंधरा दिवस त्यांनी मला एकदाही कोण बुडालं म्हणून विचारलं नाही. मला मारायचे ते डाग-वर्तुळाचे टोमणेही बंद झाले, आणि खरं सांगतो, त्यांच्यावाचून मला करमेना. त्या बाईंनी चौतीस वर्षं एक छोटीशी आशा जपून ठेवली होती, आणि ती मी एका मिनिटात, मोठ्या तोऱ्यात, निकालात काढली होती.

त्याच महिन्यात अनोळखी नमुने ओळखायला एक पाहुणे तज्ज्ञ आले. आमच्याकडे अशा शीटांची तीन कपाटं आहेत. ज्यांना फूल नाही, फळ नाही अशा नुसत्या फांद्या तिथं वर्षानुवर्षं पडलेल्या असतात. फुलाशिवाय फांदी तोडणं हा आमच्या धंद्यात अडाणीपणा समजतात. नवशिका करतो, मुरलेला माणूस करत नाही. पाहुणे भिंगातून बघत, पुटपुटत आणि चिठ्ठीवर नाव लिहून चिकटवत. चौथ्या दिवशी त्यांनी मला हाक मारली.

"ही काय गंमत आहे? हे तिवर आहे. पानाच्या पाठीवर मिठाचे कण बघ."

मी लेबल पाहिलं. संग्राहक तेच, तारीख सतरा, ठिकाण डोंगरावरचा तळ. तिवर खाडीच्या खाऱ्या चिखलात उभं राहतं. भरतीचं पाणी दिवसातून दोनदा पायाशी आल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. ते हजार मीटर उंचीवर सापडलं म्हणणं म्हणजे मासा झाडावर बसला होता म्हणण्यासारखं आहे. म्हणूनच इतकी वर्षं ते कुणाला ओळखता आलं नव्हतं. लेबलावर डोंगर वाचून जो तो डोंगरावरच्या झाडांशी पानं ताडून बघत बसला होता.

एरवी असा चुकीचा ठिपका सापडला की मी शिव्या घालतो आणि खोडून टाकतो. या वेळी खोडला नाही. संग्रहाच्या प्रमुखबाईंकडून तळघराची किल्ली घेतली आणि डायरी शोधून काढली. पान सापडल्यावर आधी तिथंच उभ्यानं दोनदा वाचलं. ताईंना सांगावं की नाही, याचा विचार मी जिना चढेपर्यंत केला. पहिला निकाल सांगताना मी विचार केला नव्हता, त्यामुळे या वेळी विचाराला वेळ देणं भाग होतं. पण वर येऊन बघतो तर त्या मान खाली घालून एका शीटला टाके घालत होत्या, आणि मला राहवलं नाही.

"ताई, मी चुकीचं सांगितलं तुम्हाला."

डायरी त्यांच्यापुढे ठेवली. पानावर रकाने आखलेले होते: क्रमांक, तारीख, ठिकाण, वर्णन. पंधरा तारखेच्या अकरा ओळींत पहिल्या ओळीत तळाचं नाव, बाकी दहा रिकाम्या. त्या काळची पद्धतच होती: ठिकाण तेच असेल तर पुन्हा लिहायचं नाही, टाईप करणाऱ्यानं वरचं खाली ओढायचं. त्याखाली सतरा तारीख. ठिकाणाचा रकाना याही ओळीत रिकामा. पण वर्णनात, त्या सुंदर अक्षरात, लिहिलं होतं:

"लहान झाड. खोडावर भरतीच्या पाण्याची रेघ. पायऱ्यांच्या डाव्या हाताला. समोर घरं."

लेबलावर वर्णनाला दोन ओळींची जागा असायची, त्यात "लहान झाड" एवढंच आलं होतं.

ताईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"हे लेबल मी टाईप केलंय," त्या म्हणाल्या.

"हो. खाली तुमची आद्याक्षरं आहेत."

"चारशे लेबलं होती. हे आल्यावर डायरी इथं जमा झाली आणि माझ्याच टेबलावर आली. दुसरं कोण होतं? मी या पानावर आले आणि..." त्यांनी पानावर पंजा पालथा ठेवला. "मी असा हात ठेवला होता वर्णनावर. मला वाचायचं नव्हतं. त्या आठवड्यात हे आनंदानं फुलं-पानं मोजत होते, असलं काही दिसलं तर, म्हणून. क्रमांक, तारीख आणि हाताबाहेर राहिलेले पहिले दोन शब्द, तेवढेच घेतले, ठिकाण रिकामं होतं, वरचं ओढलं, पुढं गेले. मग विसरून गेले."

"पद्धतच तशी होती, ताई."

"पद्धत गेली खड्ड्यात. मीच यांना डोंगरावर बसवलं. यांनी लिहिलं नव्हतं तसं. मी लिहिलं."

मग त्या रडल्या. मला अशा वेळी काय करावं ते कळत नाही. मी जाऊन पाणी आणलं, ते तसंच राहिलं, मग मीच प्यालो.

थोड्या वेळानं त्यांनीच पुन्हा डायरी ओढून घेतली. त्या पायऱ्या कुठल्या, हे त्यांना विचारावं लागलं नाही. डोंगराकडून येणारी बस तेव्हा खाडीच्या पलीकडेच थांबायची, पूल नव्हता. जेट्टीच्या पायऱ्या उतरून लाँचमध्ये बसायचं, की पंधरा मिनिटांत अलीकडे. अलीकडच्या काठावर ताईंचं घर, आजही तेच.

"समोर घरं," त्यांनी बोट ठेवून वाचलं. "हे कधी असलं लिहीत नसत. झाडाचं लिहायचं, घराचं कशाला? सहा हजारांत कुठं सापडेल तुम्हाला?"

सापडलं नव्हतं. फुलाशिवायची फांदीही त्यांची दुसरी सापडली नव्हती. हा माणूस दोन दिवस बस बदलत आला, जेट्टीवर उतरला, पायऱ्यांपर्यंत गेला, आणि तिथून पुढं त्याचा पाय उचलला नाही. किती वेळ उभा होता कोण जाणे. हाताला सवय होती म्हणून जवळचं झाड तोडलं. नोंद केली, फक्त ठिकाणाचं नाव त्याच्यानं लिहवलं नाही. आणि परत फिरला.

"का हो आले नसतील?" मी विचारलं. विचारू नये ते मी नेहमीच विचारतो.

"घाबरले असतील. तिला नेऊन तीन दिवस झाले होते, आता घरात काय होतं? मी होते. मलाच घाबरले असतील." मग त्या म्हणाल्या, "मी दिवसभर पुढच्या खिडकीत बसले होते. रस्त्याकडच्या. जो येईल तो रस्त्यानंच येणार ना दाराशी. खाडी मागच्या बाजूला. मागचं दार सासूबाईंनी लावून घेतलं होतं, वारा येतो म्हणून. मी उघडलं असतं तर जेट्टी समोर दिसते. माणूस ओळखू येतो, इतकी समोर."

मी डायरी मिटून बाजूला ठेवली.

आमच्याकडे जुनं लेबल कधी खोडत नाहीत. चूक असली तरी ते तसंच ठेवायचं आणि खाली नवीन चिठ्ठी लावायची, चूक सुधारणाऱ्याच्या सहीनं. ताईंनी कपाटातून शीट मागवलं. चौतीस वर्षांपूर्वी त्यांनीच चिकटवलेली ती फांदी. एक पान उलटं. त्यांनी चिठ्ठी हातानं लिहिली. ठिकाण: खाडीपलीकडची जेट्टी, पायऱ्यांच्या डाव्या हाताला. मूळ लेबलातली चूक टंकलेखिकेची, संग्राहकाची नव्हे. तारीख, सही. डिंक लावला, वजन ठेवलं.

"आता तुमचं करा," त्या म्हणाल्या आणि माझ्या शेजारी येऊन बसल्या.

मी नकाशा उघडला. डोंगरात, हिरव्या रंगाच्या मधोमध, सतरा तारखेचा ठिपका होता. मी जेट्टीचे आकडे टाकायला लागलो. आकडे टाकले की ठिपका उडी मारून नव्या जागी जातो.

"असं नको," ताई म्हणाल्या. "हातानं सरकवता येतं ना? तसं आणा. सावकाश."

मी ठिपका माउसनं धरला. डोंगराच्या उतारावरून खाली आणला, बसच्या रस्त्याला लावला, रस्त्यारस्त्यानं वळणं घेत घेत पुढं नेला. ताई स्क्रीनवर नजर ठेवून होत्या. वाटेत दोन गावांची नावं त्यांनी हळू आवाजात घेतली. खाडी आली. मी नकाशा मोठा केला. जेट्टी दिसली, पायऱ्या दिसल्या, पायऱ्यांच्या डाव्या हाताला मी ठिपका आणून थांबवला. मधे निळी पट्टी होती आणि पलीकडे घरांची छपरं.

"अजून थोडं आणा," ताई म्हणाल्या.

"ताई, झाड या काठालाच होतं."

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. "तरी आणा."